आवाजाचे जाणकार प्रा. देवधर

आवाज बसला की आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, ज्येष्ठमध चघळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडू लागतो. गळा ही देवाची देणगी, बिघडला तर आपले नशीब, असे आपण धरून चालतो. पण बिघडलेला गळा शास्त्राने सुधारता येतो, हे मानून त्याचा अभ्यास करणारे एक गवई महाराष्ट्रात होऊन गेले.

बाळकृष्ण रघुनाथ देवधर यांचा जन्म १९०१ साली मिरजेस झाला. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी गायनाची तालीम घेतली. त्याबरोबर ते कॉलेज शिकून पदवीधरही झाले. त्या काळी गवयाच्या घरी अशी जोडी विरळाच. इटालियन संगीतज्ञ स्क्रिंझी यांच्याकडे त्यांनी पाश्चात्य संगीताचेही धडे घेतले. १९२५ साली त्यांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केले. कुमार गंधर्व पोरवयात याच शाळेत शिकले.

परंतु त्यांचा खास ध्यास होता आवाजाचा. यात त्यांच्याआधी युरोपात गार्सिया नावाचे एक गायनशिक्षक होऊन गेले. त्यांचा स्वतःचा आवाज रंगभूमीवर गाऊन लवकर खराब झाला होता. १८५४ साली त्यांनी दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. डॉक्टरांना घसा तपासण्याची वाट अशी एका गवयाने दाखवली. आपल्याकडे देवधरांनी आवाजसाधनेवर पुस्तक लिहिले, आणि गळा बिघडलेल्यांना मार्गदर्शन केले. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० साली ते निवर्तले.

आता आपल्याकडचे पाहा. सप्ताहात पेटीची पट्टी पुरुषांच्या गळ्याला धरून लावतात. बायका तीच ओढूनताणून गातात, आणि चौथ्या दिवशी आवाज घोगरा होतो. घशातले दोन नाजूक स्वरतंतू बाईच्या बोलण्यात सेकंदाला सुमारे दोनशे वेळा थरथरतात. रोज ओरडून ते एकमेकांवर आपटले की त्यांवर गाठी येतात. शिक्षिकांना हा त्रास फार होतो. अशा वेळी गळ्याला विसावा द्यावा, पाणी भरपूर प्यावे, आणि नंतर श्वास सांभाळून, गळा न आवळता बोलायची व गायची सवय लावावी. कुजबुजणे म्हणजे विसावा नव्हे, त्यानेही गळा ताणला जातो. तीन आठवड्यांनीही आवाज सुटला नाही, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावेच.

भजनाला बसताना पट्टी आपल्या गळ्याची मागून घ्यावी, त्यात संकोच कसला? आपले अंगाईगीत, ओवी, आरती सारे या गळ्यावरच आहे. देवधर मास्तरांना आपल्या मंडळाचे विनम्र अभिवादन.