बाजाराची वाट विचारणारा मुहाजिर

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची गणना सहाबांमधील अत्यंत संपन्न व्यापाऱ्यांत होते. ज्या दहा सहाबांना हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळाली, त्यांपैकी ते एक होत. त्यांच्या व्यापाराचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. त्यापूर्वी त्यांनी काय काय सोडले, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

कुरैशच्या बनू जुहरा कुळात ते जन्मले. त्यांचे पहिले नाव अब्दु अम्र होते. इस्लाम स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत ते होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे नाव बदलून अब्दुर्रहमान ठेवले. मक्केतील छळामुळे ते आधी हबशाला गेले आणि इ.स. ६२२ च्या सुमारास हिजरत करून मदिनेस आले. मक्केतील जम बसलेला व्यापार आणि ओळखीपाळखी मागेच राहिल्या.

मदिनेत प्रेषितांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्यात बंधुत्व जोडून दिले. त्यांचे बंधू झालेले हजरत सअद बिन रबीअ (रजि.) हे धनवान अन्सारी होते. त्यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. हजरत अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्या कुटुंबाला व संपत्तीला बरकत लाभावी अशी दुआ केली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. बनू कैनुकाच्या बाजारातून ते सुकवलेले पनीर आणि तूप घेऊन परतले. मक्केचा प्रतिष्ठित व्यापारी इतक्या लहान सौद्यापासून पुन्हा आरंभ करीत होता. जुन्या मोठेपणाची सवय सुटल्याशिवाय हे शक्य नसते. थोड्याच दिवसांत त्यांनी विवाह केला आणि खजुराच्या बीच्या वजनाइतके सोने महर म्हणून दिले. प्रेषितांनी (स.) त्यांना एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले.

मक्केतील एक नाते मात्र सहज सुटणारे नव्हते. उमय्या बिन खलफ हा त्यांचा जुना स्नेही होता. हिजरतीनंतर दोघांत लेखी करार झाला : मक्केतील त्यांच्या मालाची व माणसांची काळजी उमय्याने घ्यावी आणि मदिनेतील उमय्याच्या हिताची काळजी त्यांनी घ्यावी. करारात अब्दुर्रहमान हे नाव मान्य करण्यास उमय्याने नकार दिला. रहमानला तो ओळखतच नव्हता. शेवटी जुन्या नावानेच करार लिहिला गेला.

हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली. दिलेल्या शब्दाला जागून हजरत अब्दुर्रहमान (रजि.) उमय्याला वाचवू पाहत होते. तोच हजरत बिलाल (रजि.) यांची दृष्टी उमय्यावर पडली. याच उमय्याने त्यांचा मक्केत अनन्वित छळ केला होता. त्यांनी अन्सारांना हाक दिली. हजरत अब्दुर्रहमान (रजि.) यांनी आपल्या देहाने उमय्याला झाकले, तरीही तो मारला गेला. त्यांच्या स्वतःच्या पायावरही तलवारीचा वार बसला. त्या जखमेची खूण ते पुढे लोकांना दाखवीत. मार्ग वेगळे झाल्यावरही दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. नाते सोडणे आणि अमानतीत खयानत करणे यांतील अंतर या घटनेत स्पष्ट दिसते.

पुढे त्यांची संपत्ती वाढत गेली. एकदा रोजा सोडण्यासाठी त्यांच्यापुढे भोजन आले. उहुदमध्ये शहीद झालेले हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) त्यांना आठवले. त्यांचे कफन इतके अपुरे होते, की डोके झाकले तर पाय उघडे पडत. आपल्या सत्कर्मांचा मोबदला याच जगात तर चुकता होत नाही ना, या भयाने ते रडू लागले आणि भोजन तसेच राहिले.

हिजरी सन २३ मध्ये हजरत उमर (रजि.) यांनी खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. तीत तेही होते. त्यांनी स्वतःची उमेदवारी मागे घेतली, मदिनेतील लोकांचा कौल घेतला आणि हजरत उस्मान (रजि.) यांची निवड घडवून आणली. हिजरी सन ३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्या घरातील एखादा तरुण नोकरी सोडून धंदा उभारू पाहतो किंवा व्याजाच्या व्यवहारात गुंतलेली भागीदारी मोडू इच्छितो, तेव्हा लोक काय म्हणतील हा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याला या जीवनातून उत्तर मिळू शकते. देणी चुकती करावीत, करार पाळावेत, आईवडील व आप्तांचे हक्क सांभाळावेत. एवढे केल्यावर जुनी ऐट आणि हरामकडे ओढणारी सोबत मागे टाकून लहानशा हलाल सौद्याने आरंभ करण्यात कोणताही कमीपणा नाही. आणि अल्लाहने बरकत दिलीच, तर तीही हृदयाला चिकटू देऊ नये.