पॉल साबातिये

नांदेड-लातूरकडे वनस्पति तूप कोणास ठाऊक नाहीं? तेल घट्ट करण्याची ती युक्ति ज्यांच्या शोधावर उभी आहे, ते रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये 1854 सालीं फ्रान्समधील कार्कासोन गांवीं जन्मले. 1882 पासून तुलूझ हीच त्यांची कर्मभूमि. पुढें पॅरिसचें मानाचें बोलावणें आलें, तेंहि त्यांनीं नाकारलें. हा बाणा आम्हांस विशेष वाटतो.

1902 सालीं धर्मगुरु सेंडरेन्स यांच्या साहाय्यानें त्यांनीं तापविलेल्या निकेलच्या भुकटीवरून कर्बाम्ल वायु (आपल्या उच्छ्वासांत असतो तोच) व हायड्रोजन सोडले, तों मिथेन हा जळाऊ वायु व पाण्याची वाफ निघाली. निकेल मात्र खर्ची पडेना! धातूच्या पृष्ठावर क्षणभंगुर संयुग बनतें व लागलेंच मोडतें, असें साबातिये यांचें मत होतें. गंधकाचा अंश मिसळला, कीं तेंच निकेल निकामी होई.

1912 चें नोबेल पारितोषिक त्यांस ग्रिन्यार यांच्यासह मिळालें. त्यांत सेंडरेन्स यांचें नांव नव्हतें, याची आम्हांस चुटपुट लागते. साबातिये 1941 सालीं तुलूझ येथेंच वारले. 2010 सालीं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर याच क्रियेचें यंत्र पोंचलें. प्रवाशांच्या उच्छ्वासांतून तें पाणी मिळवी, आणि मिथेन बाहेर सोडून देण्यांत येई.