शिक्षक घडविणाऱ्या ताराबाई

बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक यांचे नाव आदराने घेतले जाते ते बालवाडीमुळे. परंतु त्यांचे तितकेच मोलाचे, काहीसे दुर्लक्षित राहिलेले कार्य म्हणजे बालवाडी चालविणारा शिक्षक घडविणे. साधने कितीही उत्तम असली, तरी मुलाला समजून घेणारी शिक्षिका नसेल तर ती निरुपयोगी ठरतात, ही जाण त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी होती.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे वैवाहिक आयुष्यातील वादळे सोसून त्यांनी राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मात्र १९२३ मध्ये हे मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयोग तेथे सुरू होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. नवे विचार शिक्षक-पालकांपर्यंत पोहोचविण्यासाठी पुढे ताराबाईंनी मराठी 'शिक्षण पत्रिका'ही चालविली.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. त्याच्या जोडीला बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही उभे राहिले. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना येथे शिकणारी मुले रोज डोळ्यांसमोर दिसत.

शहरातील यशावर त्या समाधानी राहिल्या नाहीत. १९४५ च्या अखेरीस त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने आणि माती यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकारली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी तेथे कुरणशाळाही भरली.

या वाटेवर त्यांना लाभलेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यातील शाळेची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. ताराबाईंनी त्यांना केवळ कामाला जुंपले नाही. प्रयोग करण्याची मोकळीक दिली, जबाबदारी दिली आणि अडचणीत पाठीशी उभ्या राहिल्या. म्हणूनच ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले तरी कोसबाडचे काम थांबले नाही. अनुताईंनी ते १९९२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत सांभाळले.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. शब्द रुजला, मात्र अंगणवाडी चालविणारी सेविका आजही मानधनावरच राबते आहे. शिक्षकाला एकदा प्रशिक्षण देऊन भागत नाही, त्याला सन्मानाने टिकवावेही लागते, हा कोसबाडच्या टेकडीवरचा धडा अद्याप पुरता गिरवला गेलेला नाही.