ग्लेन गूल्ड : स्वतःलाच ऐकणारा पियानोवादक

मित्रांनो, गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलवर गिटार, तबला आणि कीबोर्ड एकदमच जागे होतात. वाजवणाऱ्याला वाटतं आपण मस्तच वाजवतोय, शेजारच्या रूमचं मत मात्र वेगळं असतं! अशा सगळ्या कलाकारांना ग्लेन गूल्डची ओळख करून द्यावीशी वाटते.

गूल्ड जन्मला २५ सप्टेंबर १९३२ रोजी, कॅनडातल्या टोरांटोत. पियानोचे पहिले धडे आईनेच दिले. डिसेंबर १९५० मध्ये सीबीसी रेडिओवर तो पहिल्यांदा वाजला आणि त्या कार्यक्रमाची तबकडी त्याला मिळाली. घरी ती लावून त्याने बेस कमी आणि ट्रेबल जास्त करून पाहिला, तर गढूळ वाटणारा पियानो एकदम स्वच्छ ऐकू येऊ लागला. तिथून तो मायक्रोफोनच्या प्रेमातच पडला.

१९५५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचं रेकॉर्डिंग केलं. वय फक्त बावीस! वडिलांनी बनवून दिलेली बुटकी खुर्ची घेऊन स्वारी स्टुडिओत हजर. त्या रेकॉर्डने तो जगप्रसिद्ध झाला. आणि १९६४ मध्ये, ऐन भरात असताना, एकतीसाव्या वर्षी त्याने स्टेज कायमचं सोडलं. मैफलीत चूक झाली तर परत मागे जाता येत नाही. स्टुडिओत थांबता येतं, ऐकता येतं, पुन्हा वाजवता येतं.

बाखच्या ए मायनर फ्यूगचे त्याने आठ टेक घेतले. त्यातले सहावा आणि आठवा अगदी निर्दोष वाटले. पण काही आठवड्यांनी ऐकल्यावर दोन्ही एकसुरी निघाले: एक फारच गंभीर, दुसरा फारच उड्या मारणारा. मग दोन्ही टेप कापून जोडल्या. हे जमलं, कारण दोन्ही टेकची लय जवळजवळ सारखी होती. काही लोकांना ही चीटिंग वाटली. पण मला वाटतं, खरी गोष्ट जोडण्याची नाहीच, ऐकण्याची आहे. वाजवताना आपलं निम्मं लक्ष बोटांत अडकलेलं असतं. नंतर ऐकताना बोटं मोकळी असतात, आणि कानच तेवढे कामाला लागतात.

१९८१ मध्ये गूल्डने गोल्डबर्ग पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं. त्याआधी स्वतःचीच जुनी रेकॉर्ड ऐकली. ज्या रेकॉर्डला जगाने डोक्यावर घेतलं, तिच्यात त्याला तीस सुटे सुटे तुकडे दिसले. या वेळी त्याने सगळ्यांना एकाच मूळ ठोक्याच्या हिशोबात बांधलं. सुरुवातीची आरिया आधी दोन मिनिटांच्या आत संपायची, आता ती तीन मिनिटांवर गेली. त्याची गुणगुणायची सवय मात्र टेपने वर्षानुवर्षं दाखवूनही सुटली नाही. दोन्ही रेकॉर्डमध्ये ती ऐकू येते!

४ ऑक्टोबर १९८२ ला तो गेला, वय अवघं पन्नास.

तेव्हा दोस्तहो, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि वाजवा. लगेच ऐकू नका, चार दिवस जाऊ द्या. मग लय कुठे पळते आणि कुठे अडखळते ते वहीत लिहा, आणि तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड करा. प्रॅक्टिकलला एका रीडिंगवर आपण विश्वास ठेवतो का? मग आपल्या वाजवण्यावर तरी का ठेवायचा?