लोखंडाचा ध्यास घेतलेले जमशेटजी टाटा

आपल्या पूर्वजांनी भूमीस रत्नगर्भा म्हटले आहे. आपल्या कर्नाटकातील कोलार येथे सोन्यासाठी माणूस जमिनीखाली ३ किलोमीटरांहून अधिक खोल उतरला. त्या खाणी २००१ साली बंद झाल्या. परंतु राष्ट्राच्या संसारात सोन्याहूनही मोलाचा धातू म्हणजे लोखंड. नांगराच्या फाळापासून आगगाडीच्या रुळापर्यंत त्यावाचून पान हलत नाही. हे लोखंड आपल्याच भूमीतून काढून आपल्याच देशात त्याचे पोलाद व्हावे, ह्या ध्यासापायी आयुष्य वेचणारे पुरुष म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेत नवसारी येथे एका पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडिलांनी मात्र व्यापाराची वाट धरली होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. १८६८ साली २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यापार मांडला आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची सोय त्यांनी तेथे १८८६ सालीच केली.

१८८२ साली एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडे, लोहारा येथे उत्तम लोहखनिज असून वरोड्याचा कोळसाही तेथून फारसा दूर नाही, असे त्यात नमूद होते. जमशेटजींनी कोळशाचे नमुने परीक्षेसाठी जर्मनीस धाडले. खनिजातून लोखंड वेगळे करावयास भट्टीत कोक लागतो. हवा लागू न देता भाजून कठीण केलेला कोळसा म्हणजे कोक. प्रत्येक कोळशाचा कोक होत नाही. वरोड्याचा कोळसा ह्या कसोटीस उतरला नाही. त्यातच खाणींविषयीचे सरकारी नियम जाचक होते. जमशेटजींनी बेत बाजूस ठेवला. टाकून मात्र दिला नाही.

१८९९ साली ते नियम सैल झाले, तेव्हा जमशेटजी साठीचे होते. तरीही त्यांनी जुना बेत पुन्हा हाती घेतला. १९०० साली लंडनमध्ये त्यांनी भारतमंत्र्यांची भेट घेतली, तर १९०२ साली अमेरिकेत जाऊन पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेरिन ह्या तज्ज्ञाचे साह्य मिळविले. पेरिनने धाडलेले वेल्ड आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी ह्यांनी चांद्याची राने बैलगाडीने पालथी घातली. लोहाऱ्याचे खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके नव्हते. पुढे नागपूरच्या संग्रहालयातील एका नकाशाने दोराबजींना दुर्ग जिल्ह्यातील धल्ली-राजहराच्या लोहमय डोंगरांची वाट दाखविली. तेथे लोह अमाप होते, परंतु योग्य कोळसा व पुरेसे पाणी जवळ नव्हते.

भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस ह्यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी पत्र धाडून मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची वार्ता जमशेटजींना कळविली. तेथून झरियाच्या कोळशाच्या खाणीही सोयीच्या होत्या. पण काळ थांबला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नौहाइम येथे जमशेटजींनी देह ठेवला. आपल्या लोखंडाची एक पळीही त्यांच्या दृष्टीस पडली नाही.

दोराबजींनी पित्याचे कार्य नेटाने पुढे नेले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली. विलायतेत भांडवल मिळाले नाही, तेव्हा सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत पैसा उभा केला. १९११ च्या डिसेंबरात साकची येथील भट्टीतून पहिले लोखंड वाहिले आणि १९१२ साली पोलाद निघाले. कारखान्याभोवती रुंद रस्ते, दाट सावलीची झाडे, बागा आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असलेले नगर वसावे, असे जमशेटजींनी पुत्रास पूर्वीच पत्राने कळविले होते. १९१९ साली त्या नगरास जमशेदपूर हे नाव मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, चांद्याच्या रानातील बावीस वर्षांची आशा फळली नाही, तरी ती वाया गेली नाही. लोह, कोळसा आणि पाणी ह्या तिहींचा मेळ कोठे बसत नाही हे तेथे उमगले, म्हणूनच तो कोठे बसतो हे पुढे ओळखता आले. एका परीक्षेतील अपयशाने खचणाऱ्या मुलाने जमशेटजींचे हे चरित्र अवश्य आठवावे.