फादर मायकेल मॅकगिव्हनी : बंधुसंघाचे जनक

मजूर मनुष्य निवर्तला म्हणजे त्याच्या घरात दुःख एकटे येत नाही. त्याच्या पाठोपाठ घरमालक येतो, वाणी येतो, आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तर प्रसंगी न्यायालयाचा हुकूमही येत असे. ज्या विधवेपाशी मुलांच्या पोषणाचे साधन नाही, तिची मुले तिच्यापासून वेगळी करून अन्यत्र ठेवण्याचा अधिकार तेथील न्यायालयांस होता. या एका संकटावर ज्यांनी उपाय योजिला, त्या फादर मायकेल मॅकगिव्हनी यांचा अल्पसा परिचय वाचकांस करून देण्याचे योजिले आहे.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी कनेक्टिकट संस्थानातील वॉटरबरी या पितळेच्या कारखान्यांच्या गावी झाला. आईबाप आयर्लंडमधून पोटासाठी आलेले; बाप कारखान्यात ओतकाम करीत असे. तेरा मुलांपैकी मायकेल सर्वांत वडील. सहा भावंडे तर बालपणीच दगावली. तेराव्या वर्षी शाळा सोडून मायकेल चमचे बनविण्याच्या खात्यात कामास लागला. सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्याच्या इच्छेने तो कॅनडातील सेमिनरीत गेला. तेथे त्याचे शिक्षण नीट चालले असता जून १८७३ मध्ये वडील वारल्याची बातमी आली, आणि पुस्तके गुंडाळून त्यास घरी परतावे लागले. मागे विधवा आई व लहान भावंडे होती. पुढे हार्टफर्डच्या बिशपांच्या साहाय्याने बाल्टिमोर येथे शिक्षण पुरे होऊन २२ डिसेंबर १८७७ रोजी आर्चबिशप गिबन्स यांच्या हस्ते त्यांस गुरुदीक्षा मिळाली. परंतु त्या जून महिन्यात जे पाहिले ते त्यांच्या मनातून कधीच गेले नसावे, असे त्यांच्या पुढील कार्यावरून वाटते.

न्यू हेवन शहरातील सेंट मेरी देवळात साहाय्यक धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. देऊळ भव्य, पण कर्जात बुडालेले. आणि तेही शहरातील श्रीमंतांच्या रस्त्यावर. आयरिश मोलकरणी व मजूर यांची त्या रस्त्याने ये-जा व्हावी, हे शेजाऱ्यांस रुचत नसे. १८७९ साली न्यूयॉर्कच्या एका पत्राने त्यावर कुत्सित मजकूरही छापला. फादरांनी वादात न पडता तरुणांस हाताशी धरले. दारूबंदीची मंडळी, नाटके, सहली या सर्वांत ते असत. विद्यार्थिदशेत ते बेसबॉल मोठ्या आवडीने खेळत, हेही येथे सांगण्यास हरकत नाही. संतपुरुष म्हणजे गंभीर चेहऱ्याचाच असावा, असा आपल्याकडे उगाच समज आहे.

या तरुणांपुढे एक मोह होता. फ्रीमेसन व तत्सम गुप्त मंडळांत शिरले की मित्र मिळत, मान मिळे, समारंभांचा थाट मिळे, आणि कित्येक मंडळांत आजारपणाची व मृत्यूनंतरची तरतूदही होई. मेसन मंडळात जाण्यास तर ख्रिस्तसभेने १७३८ पासूनच मनाई केली होती. पण ज्याच्या घरी उद्याची भाकर नाही त्यास नुसती मनाई सांगून काय उपयोग? एक दार बंद करावयाचे तर दुसरे उघडून दिले पाहिजे, हे फादरांनी ओळखले. बोस्टन व ब्रुकलिन येथील कॅथलिक साहाय्यक मंडळांचा त्यांनी अभ्यास केला, आणि २ ऑक्टोबर १८८१ रोजी देवळाच्या तळघरात काही गृहस्थांस एकत्र बोलाविले.

काम रेंगाळत होते. इतक्यात डाऊन्स नावाच्या कुटुंबातील कर्ता पुरुष वारला, आणि त्याच्या मुलांच्या पालकत्वाचा प्रश्न न्यायालयात गेला. आल्फ्रेड नावाच्या मुलाचे पालकत्व खुद्द फादरांनी पत्करले. पण अशी घरे एका शहरात किती, आणि एक धर्मगुरू कितीकांचा पालक होणार? २९ मार्च १८८२ रोजी संस्थान सरकारकडून सनद मिळून ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हा संघ रीतसर स्थापन झाला.

योजना साधी होती. सभासद मेला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर द्यावयाचा. जमेल ती रक्कम, फार तर एक हजार डॉलर, त्याच्या घरी पोचवावयाची. आजाऱ्यासही मदत असे. ही भिक्षा नव्हे. मेलेल्यानेही जिवंतपणी इतरांसाठी आपला डॉलर दिलेला असे, म्हणून विधवेस मान खाली घालावी लागत नसे. माझ्या मते या संघाचे सारे मर्म एवढ्यात आहे. सर्वांस सारखी वर्गणी ही रीत फार काळ टिकणारी नव्हती, कारण सभासद म्हातारे होत जातात व मृत्यू वाढतात. पुढे वयोमानाप्रमाणे वर्गणी ठरविण्यात आली.

परोपकार, एकी व बंधुत्व ही संघाची तत्त्वे; देशभक्तीचे चौथे तत्त्व १९०० साली जोडले गेले. कोलंबसाचे नाव घेण्यात हेतू हा की, कॅथलिक लोक या देशात उपरे नव्हेत हे दिसावे. मूळ रहिवाशांशी कोलंबसाने केलेल्या वर्तनाचा आज कठोर निवाडा होतो, व तो योग्यच आहे; पण त्या हिणविल्या गेलेल्या मजुरांस ते नाव ढालीसारखे वाटले.

विशेष हे की, फादरांनी अध्यक्षपद घेतले नाही. ते यादवी युद्धात लढलेल्या जेम्स मलन यांस मिळाले. फादर चिटणीस झाले. संघ प्रापंचिकांचा, तो त्यांनीच चालवावा, अशी त्यांची दृष्टी होती. आरंभी वाढ मंद, आणि टीका पुष्कळ. काही धर्मगुरूंसही हे नवे मंडळ संशयास्पद वाटे. हे चालू असताना फादर तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या एका तरुणाच्या भेटीस नेमाने जात, आणि १ सप्टेंबर १८८२ रोजी त्याच्यासमवेत वधस्तंभापर्यंत गेले. १८८३ साली मेरिडन येथे दुसरी शाखा निघाली आणि मग संघाने मूळ धरले.

१८८४ साली चिटणीसपद सोडून ते संघाचे धर्मगुरू राहिले. त्याच वर्षी त्यांची टॉमस्टन या घड्याळांच्या कारखान्यांच्या गावी मुख्य धर्मगुरू म्हणून बदली झाली. न्यू हेवनकरांस हा वियोग फार जड गेला. १८८९-९० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांस न्यूमोनियाने गाठले. प्रकृती आधीच तोळामासा. कित्येक महिने आजार काढून, अडतिसावा वाढदिवस उलटल्यावर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्ट १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संघाच्या पन्नासांहून अधिक शाखा होत्या. त्यांचे धाकटे बंधू पॅट्रिक व जॉन हेही धर्मगुरू झाले आणि पुढे दोघांनीही एकामागून एक संघाचे प्रमुख धर्मगुरुपद सांभाळले.

वॉटरबरी येथील दफनभूमीतून त्यांचे अवशेष १९८२ साली, संघाच्या शताब्दीस, न्यू हेवनच्या सेंट मेरी देवळात आणण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी हार्टफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये त्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. त्यांचा सण १३ ऑगस्ट रोजी, म्हणजे जन्मदिन व मृत्युदिन यांच्या मधल्या दिवशी, पाळला जातो.