रामचंद्रपंत अमात्य : ॲडमिन राइट्स कोणाला, किती आणि किती दिवस?

वर्ल्ड ॲन्व्हिल किंवा कांका यांसारख्या साइटवर स्वतःचं कल्पित जग उभं करायचं, नकाशे टाकायचे, पात्रं लिहायची आणि मित्रांना त्यात खेळायला बोलवायचं, हे सगळं मजेचं काम. डोकं खातं ते परवानग्यांचं पान. कोणी फक्त वाचायचं, कोणी लिहायचं, गुप्त पानं कोणाला दिसायची, आणि मी आठ दिवस ऑनलाइन नसले तर जग कोणी सांभाळायचं?

मी मोडनिंबला घरून काम करते आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांसाठी असंच एक जग चालवते. त्यातला काळ आहे १६९० च्या आसपासचा, जागा आपलं दख्खन. त्यासाठी वाचन करताना एक माणूस सारखा समोर येत राहिला. परवानग्यांचा प्रश्न त्याला खेळात नाही, खऱ्या युद्धात सोडवावा लागला होता, आणि डावावर सगळं राज्य होतं. म्हणून आज सेटिंग्ज समजून घेऊ रामचंद्रपंत अमात्य यांच्या आयुष्यातून.

हिशेबाच्या खात्यातून सुरुवात

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याचा जमाखर्च बघणारे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, मुजुमदार या पदाला अमात्य हे नाव मिळालं आणि अष्टप्रधान मंडळात त्या जागी रामचंद्रपंत बसले. तेव्हा वय जेमतेम चोवीस.

हे खातं महत्त्वाचं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पंत लॉग वाचणारे माणूस होते. कुठून किती आलं, कोणी किती उचललं, हे ज्याला रोज दिसतं त्याला अधिकाराची किंमत लवकर कळते.

गडावरचे रोल

महाराजांची गडाची व्यवस्था पंतांनी जवळून पाहिली. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि तिघांचा दर्जा सारखा. हवालदार गडाचा प्रमुख, किल्ल्या त्याच्याकडे. सबनीसाकडे हजेरी आणि कागदपत्रं. सरनोबताकडे शिबंदी. शिवाय धान्य आणि सामानाच्या कोठारासाठी कारखानीस वेगळा.

यामागचा विचार साधा आहे. एक माणूस शत्रूला फितूर झाला तरी त्याच्या एकट्याच्या हातात गड देण्याइतकी ताकद नसावी. किल्ली आहे त्याच्याकडे हजेरीपट नाही, हजेरीपट आहे त्याच्याकडे कोठार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला कामाची विभागणी म्हणतो. त्याचा जोडीदार म्हणजे किमान अधिकाराचं तत्त्व: ज्याला जेवढं काम, तेवढीच परवानगी. सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ते नीट मांडलं आणि आज प्रत्येक सिस्टिममध्ये ते पाळावं असं शिकवतात. तुमच्या जगातही नकाशा बनवणाऱ्या मित्राला नकाशाचे अधिकार द्या. इतर खेळाडूंची पात्रं पुसण्याचे अधिकार त्याला कशाला हवेत?

मालक दूर, ॲडमिन जागेवर

१६८९ साल उजाडलं आणि सगळी घडी विस्कटली. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. राजाराम महाराज रायगडाचा वेढा पडत असताना बाहेर पडले. वर्ष संपायच्या आत रायगड पडला आणि येसूबाई व छोटे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज थेट जिंजीला पोहोचले, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, शेकडो मैल लांब.

आता प्रश्न बघा. मालक दूर आहे, निरोप पोहोचायला आठवडे लागतात, वाटेत शत्रू आहे. प्रत्येक निर्णयासाठी मालकाची मंजुरी मागत बसलं तर राज्य तोवर संपेल. राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांना हुकुमतपन्हा केलं. महाराष्ट्रात राजाच्या वतीने निर्णय घ्यायचे, सरदार नेमायचे, जमिनी द्यायच्या, हे सगळे अधिकार त्यांना मिळाले. जोडीला शंकराजी नारायण सचिव होते आणि मैदानात संताजी घोरपडे, धनाजी जाधव.

परवानग्यांच्या भाषेत हा को-ओनर रोल. फक्त एक फरक लक्षात घ्या. पंतांना अधिकार पूर्ण मिळाले, तरी ते राजाच्या नावाने वापरायचे होते. गादी त्यांची झाली नाही आणि त्यांनी ती करूनही घेतली नाही. चांगला को-ओनर म्हणजे नेमका हाच.

या काळात औरंगजेब कुठे होता माहितीये? आमच्याच जिल्ह्यात. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. मंगळवेढ्याजवळचा माचणूरचा किल्ला आजही तिथे उभा आहे. बादशहा सगळे मोठे हुकूम आपल्या छावणीतून सोडायचा. इकडे पन्हाळा आणि विशाळगडाच्या बाजूने पंत वेगळ्या पद्धतीने चालले होते. सरदारांना मोकळीक होती, त्यांनी आपापल्या भागात स्वतः ठरवून लढायचं. एक गड गेला तरी बाकीचे चालू राहायचे. एकाच सर्व्हरवर सगळा भार आणि अनेक ठिकाणी वाटलेला भार, यातला फरक तुम्हाला इथे दिसेल.

दिलेले अधिकार परत घेता येतात का?

पण या मोकळिकीची किंमत होती. शिवाजी महाराजांनी वंशपरंपरागत वतनं आणि जहागिरी देण्याला आळा घातला होता, शक्यतो रोख पगार द्यायचा. १६८९ नंतर खजिना रिकामा. समोरून औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची आमिषं दाखवत होता. माणसं टिकवायची तर आपल्यालाही काही द्यावं लागणार. मग जिंकाल तो मुलूख तुमचा, अशा धर्तीवर इनामं आणि वतनं दिली जाऊ लागली. त्यातले कितीतरी कागद पंतांच्या हातून गेले.

त्यामुळे सैन्य उभं राहिलं, राज्य वाचलं. पण वतन म्हणजे कालमर्यादा नसलेली परवानगी. ती मुलाला जाते, मग नातवाला. देणारा राजा गेला तरी कागद शिल्लक राहतो. समान ताकदीची दोन माणसं भिडली तर काय होतं तेही याच काळात दिसलं. संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आलं आणि १६९७ मध्ये संताजींसारखा सेनानी आपल्याच माणसाच्या हातून मारला गेला.

माझ्या मते पंतांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेच हाच आहे. ज्या गोष्टीने राज्य वाचलं, तीच पुढे राज्याला आतून पोखरणार, हे हिशेब जाणणाऱ्या माणसाला दिसत असणारच. तरी त्या घडीला दुसरा मार्ग नव्हता. इमर्जन्सी ॲक्सेस द्यावाच लागतो. खरं काम संकट सरल्यावर सुरू होतं, तो काढून घेण्याचं.

आज्ञापत्र : अनुभवातून लिहिलेली सेटिंग्ज

राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर वारले. पंत ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. १७०७ मध्ये शाहू सुटून आले, राज्याचे दोन भाग झाले तरी पंत कोल्हापूरकडेच राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्ताबदल होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले, त्यातही पंतांचा हात होता. पुढच्या वर्षी, १७१५ मध्ये, त्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र तयार झालं. १७१६ मध्ये पंत गेले.

आज्ञापत्र म्हणजे राज्य कसं चालवावं याचं मराठीतलं मॅन्युअल. त्यात परवानग्यांविषयी तीन गोष्टी मला फार पटतात.

पहिली, मुदत. गडावरचे अधिकारी कायमचे ठेवायचे नाहीत. हवालदाराची बदली तीन वर्षांनी, सरनोबताची चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानिसाची पाच वर्षांनी. आकडे मुद्दाम वेगळे आहेत असं मला वाटतं, कारण त्यामुळे सगळे एकदम बदलत नाहीत आणि गडाची माहिती असलेलं कोणीतरी कायम राहतं.

दुसरी, वतनदार. त्यांना दुखवायचं नाही, मान राखायचा, पण ताकद वाढू द्यायची नाही. जुने अधिकार एका झटक्यात काढले की बंड होतं आणि मोकळे सोडले की छोटी छोटी राज्यं तयार होतात.

तिसरी, टोपीकर, म्हणजे युरोपियन व्यापारी. यावं, व्यापार करावा, जावं. पण किनाऱ्यावर कायमची जागा आणि किल्ला द्यायचा नाही. पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. पाहुण्याला व्ह्यूअर ठेवायचं, एडिटर करायचं नाही, हे पंतांनी १७१५ मध्ये सांगून ठेवलं होतं.

आता तुमच्या जगात काय कराल?

१. आधी रोल बनवा, मग माणसं जोडा. प्रत्येकाला वेगवेगळ्या परवानग्या देत बसलात तर महिन्याभरात कोणाकडे काय आहे तेच कळणार नाही.

२. नवीन खेळाडू फक्त वाचणारा. लिहिण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या पात्रापुरता.

३. गुप्त पानं आधीपासून बंद ठेवा आणि लागतील तशी उघडा. सगळं उघडं ठेवून नंतर लपवायला गेलात तर तोवर कोणीतरी वाचलेलं असतं.

४. तुम्ही नसताना सांभाळायला एकच को-ओनर नेमा आणि तो कधीपर्यंत, हे सगळ्यांसमोर सांगा.

५. प्रत्येक मोठा डाव संपला की यादी उघडून बघा. जो खेळत नाही त्याचा ॲक्सेस काढा. त्याला आधी एक फोन करा म्हणजे वाईट वाटणार नाही.

६. खेळाडूच्या नजरेतून पान बघायची सोय असेल तर ती वापरा. आपल्याला ॲडमिन म्हणून सगळंच दिसतं, त्यामुळे काय उघडं राहिलंय ते कळत नाही.

यातला पाचवा मुद्दा लोक सगळ्यात जास्त टाळतात. परवानगी देताना एक क्लिक लागते. काढताना मैत्री आडवी येते, जुनी मदत आठवते, भीड पडते. पंतांच्या समोर तर तलवार घेतलेले सरदार होते. आपल्याला फक्त एक मेसेज टाकायचा असतो. तेव्हा आज वेळ काढून तुमची यादी एकदा उघडा, आणि काही अडलं तर खाली विचारा.